दुसरी वेणी

एकदा एक विणकर आणि त्याची बायको वृद्ध आचार्यांकडे काडीमोड मागायला आले. त्या भागातला रिवाज असा, की नवराबायकोने पंचासमोर एका काडीची दोन टोके धरायची आणि ती मोडायची. काडी मोडली की लग्न मोडले. भिवाजी आणि यमुना यांचे आता विळ्याभोपळ्याचे सख्य होते. सहा वर्षांच्या लेकीचे, चंद्रीचेही त्यांनी ठरवूनच आणले होते: शुद्ध पक्षात ती आईकडे, वद्य पक्षात बापाकडे.

न्यायाचे ग्रंथ नुकतेच संपवलेल्या शिष्याने तत्परतेने काडी आणून ठेवली. आचार्यांनी ती बाजूला सारली.

"भिवाजी, पोरीच्या दोन वेण्या घाल बघू."

शिष्य चक्रावला. हे कोणत्या ग्रंथात होते?

"मला कुठं येतंय, महाराज?"

"मग हिच्याकडून शिक. तोवर काडी मिळायची नाही."

यमुनेने नवऱ्याकडे पाहिलेही नाही. "चंद्रे, सांग तुझ्या बापाला, तिन्ही पेड आधी सारखे कर म्हणावं."

मागावर शेकडो धागे लीलया सांभाळणारा गडी तीन पेडांपुढे घामाघूम झाला. पोर कळवळली. यमुनाही सुटली नाही. चंद्री काढा प्यायची ती फक्त बापाच्या हातून. ती हातोटी यमुनेने भिवाजीकडून शिकायची होती. दोघे रोज येत आणि शिष्य रोज नव्याने गोंधळात पडे.

एके दिवशी यमुना भान विसरून थेट बोलली, "अहो, ओढताय काय असे! डोकं आहे ते, माग नव्हे!"

भिवाजीला हसू फुटले. मग तिलाही. शिष्याचे डोळे भरून आले. आत्ता कुठे आचार्यांचा हेतू त्याला उमगला! त्याने हळूच ती काडी उचलून चुलीत घातली.

तेवढ्यात आचार्यांची हाक आली, "वेणी जमली याला, काढा जमला हिला. काडी आण."

बिचाऱ्याला गोठ्यातून दुसरी काडी शोधून आणावी लागली. दोघांनी टोके धरली. काडी मोडली.

"आचार्य," शिष्य कळवळून म्हणाला, "जुळत आलेला संसार तुम्ही मोडू दिलात?"

"तो केव्हाच मोडला होता. हसण्याने घाव भरत नाहीत, बाळ. ती दोघं एकमेकांपासून सुटली, त्यांना सुटू दे. पण पोर कोणापासूनच सुटलेली नाही. वद्य पक्षात तिचे केस पिंजारलेले राहिले असते, शुद्ध पक्षात काढ्यावाचून ताप अंगावर काढावा लागला असता, आणि दोन्ही घरांनी एकमेकांना बोल लावला असता. मी फक्त पोरीची सोय पाहिली."

शिष्याला हे पटले, आणि पटलेही नाही. त्याने अंगणात पाहिले.

चंद्री बापाबरोबर निघाली होती. एक वेणी आईने घातलेली, घट्ट. दुसरी बापाची, आत्ताच सैल पडलेली. यमुनेचा हात सवयीने त्या वेणीकडे गेला. रिबिनीपाशी तो थांबला. मग तिने तो मागे घेतला.

"सुटली तर रडू नकोस," ती लेकीला म्हणाली. "बाबा पुन्हा घालतील."