नगाऱ्याची दुसरी टिपरी

पाटलांनाही वेसण असायची, त्या काळातली ही गोष्ट. नदीच्या अलीकडे एक थोरलं गाव होतं. जमीन काळीभोर, गोठे भरलेले आणि हत्यारं तर इतकी, की आसपासच्या सगळ्या गावांची एकत्र केली तरी कमीच पडली असती. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला डोंगर, त्यामुळे शत्रू या गावात कधी शिरलाच नव्हता. घर जळतं तेव्हा वास कसा येतो, हे इथल्या लोकांना माहीतच नव्हतं.

गावच्या चावडीवर एक नगारा होता. एका टिपरीने वाजला तर सगळ्यांनी चावडीवर जमायचं. दोन टिपऱ्यांनी वाजला तर तरण्या पोरांनी हत्यारं घेऊन वेशीबाहेर पडायचं. वाडवडलांनी याला एक रीत घालून दिली होती. एक टिपरी पाटलाकडे राहायची. दुसरी मात्र ज्या घरचा मुलगा रांगेत सगळ्यांत पुढे चालणार, त्या घरी. पाटलाला कुणावर चालून जायचं असेल, तर त्याने त्या घराच्या उंबऱ्याशी उभं राहायचं आणि कशासाठी जायचं ते सांगायचं. घराला पटलं तरच टिपरी मिळायची. पाटलाला राग लवकर येतो आणि पोर मात्र आईचं जातं, एवढं त्या अडाणी वाडवडलांना कळत होतं.

तेव्हा ही दुसरी टिपरी एका कासारणीच्या घरी होती. बाई विधवा. बांगड्यांची दुरडी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची. मुलगा अंगापिंडाने भक्कम, म्हणून रांगेत पुढे. मुलगी नदीपलीकडच्या गावात दिलेली. टिपरी तिने देवघरात ठेवली होती आणि रोज तिच्यावर एक फूल वाहायची.

एक दिवस भर दुपारी दरोडेखोर आले आणि वेशीबाहेर चरणारा गाईंचा कळप हाकलून घेऊन गेले. पाटील धावत कासारणीच्या घरी गेला, तर दाराला कुलूप. बाई बाजाराला गेली होती. ती परतेपर्यंत दरोडेखोर डोंगर ओलांडून गेले.

पाटील चावडीवर कडाडला, "संकट काय सांगून येतं? मी टिपऱ्या हुडकत फिरू की गाव राखू? दुसरी टिपरी माझ्याकडे द्या. दरोडेखोर सापडले की परत करतो."

लोक चिडलेले होते. सगळ्यांनी माना हलवल्या. नगारा वाजवणारा म्हातारा गुरव तेवढा म्हणाला, "पाटील, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो."

"गुरवा, तुझी गाय गेली नाही म्हणून बोलतोयस," कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

कासारणीने टिपरी आणून दिली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. कुणाच्या पोरांना मरायला पाठवायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणं काही सोपं काम नव्हतं. घरी येऊन ती सुखाने जेवली.

दरोडेखोर सापडले, गाईही परत आल्या. टिपरी तेवढी आली नाही. कासारीण मागायला गेली, तर पाटील म्हणाला, "त्यांचे भाऊबंद अजून मोकळे आहेत." भाऊबंद सापडले, तेव्हा म्हणाला, "त्यांना भाकरी घालणारे मोकळे आहेत." आणि भाकरी घालणारे कोण, हे ठरवणार पाटीलच.

मग नगारा वरचेवर वाजू लागला. कधी डोंगराच्या वाडीवर, कधी माळापलीकडच्या वस्तीवर. पंच विचारायला गेले, की पाटील म्हणायचा, "ही चढाई थोडीच आहे? ही राखण आहे. राखणीला कुणाला विचारावं लागत नाही." पंचांची मग आळीमिळी गुपचिळी. पुढच्या बैठकीत तेच पाटलाला फेटा बांधायचे. गावालाही काही टोचत नव्हतं. पोरं परत आली की बायका ओवाळायच्या, पेढे वाटले जायचे. एखादं पोर परत आलं नाही, तर त्याच्या आईला साडीचोळी मिळायची आणि पेढे तरीही वाटले जायचे.

कासारीण नदीपलीकडे लेकीच्या गावी गेली, की लेक विचारायची, "आई, परवा नगारा ऐकला. टिपरी तूच दिलीस ना?"

कासारणीला खरं सांगायची लाज वाटायची. ती म्हणायची, "हो. मला पटलं म्हणून दिली."

लेकीचा जीव भांड्यात पडायचा. तिच्या गावाचा पाटील तर नुसता राक्षस होता. शेतसारा थकला की माणसाला उन्हात उभं करायचा, विहिरीवर पहारा बसवायचा. गाव त्याला रोज शिव्याशाप देत होतं. पण काही झालं तरी आपल्या माहेरची पोरं आपल्यावर चालून येणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एका सकाळी अलीकडच्या पाटलाने गाव जमवलं. "नदीपलीकडच्या त्या नराधमाने वेशीजवळच्या जमिनीखालच्या पेवात तोफेची दारू भरून ठेवली आहे. उद्या ती आपल्यावर पडेल. आणि तिथली बिचारी जनता! तिला सोडवायला नको?"

कासारीण गर्दीतून पुढे आली. "पाटील, त्या पेवात बियाण्याची ज्वारी आहे. सुगीला मीच भरताना बघितलीय. माझा जावईच राखण करतो तिथं."

"त्यानंतर आत उतरून बघितलंस?"

"नाही."

"मग गप बस."

"आणि तुम्ही बघितलंत?"

पाटील हसला. "मी कशाला बघू? मी पाटील आहे."

कासारणीने पदर पसरला. "पाटील, माझा पोरगा पुढच्या रांगेत आहे. ती टिपरी माझ्या घरची आहे. माझी टिपरी मला द्या, नाहीतर उंबऱ्याशी येऊन मला पटवा."

तिने पंचांकडे पाहिलं. एक पंच पानाला चुना लावत होता. दुसरा म्हणाला, "वेळ कसली आणि बाई काय घेऊन बसली!" गुरवाने नगारा वाजवायला नकार दिला, तेव्हा पाटलाने स्वतःच दोन्ही टिपऱ्या उचलल्या आणि नगारा बडवला. रांग उभी राहिली. कासारणीचा मुलगा आईकडे न बघता पुढे निघाला.

पलीकडचा राक्षस नगारा ऐकताच घोड्यावर बसून पळाला. असली माणसं नेहमी वेळेवर पळतात. हाती सापडले ते साधे लोक. पेवाच्या तोंडाशी एक माणूस काठी घेऊन उभा होता आणि ओरडत होता, "दारू नाही, बियाणं आहे! हात घालून बघा!" मागून रेटा आला, पुढच्या भाल्याला थांबता आलं नाही. मग पेव उघडलं. आत ज्वारी होती. दारू सापडली नाही याचा राग येऊन कुणीतरी ज्वारीलाच आग लावली, आणि वाऱ्याने ती घरांवर नेली.

थोरल्या गावात तोरणं लागली. पाटील म्हणाला, "एक गाव मोकळं केलं!" त्या मोकळ्या झालेल्या गावात राक्षसाचे पुतणे एकमेकांचे गळे कापत होते आणि पेरायला दाणा उरला नव्हता. पण तोरणाखाली उभं राहिलं की पलीकडचं दिसत नाही.

गुरवाने भर सभेत विचारलं, "पाटील, दारू कुठाय?"

पाटील म्हणाला, "दरोडेखोरांना भाकरी घालणारे आता वेशीच्या आतही आहेत." आणि दोन्ही टिपऱ्या उचलल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच रांग वेशीकडे न जाता गावात वळली. गुरवाचं घर जाळताना लोक दारं लावून बसले होते, तरी धूर फटींतून आत येत होता. तो वास आता सगळ्यांना कळला.

कासारणीचा मुलगा घरी आला होता. जेवत नव्हता, भाला मात्र पुन्हा पुन्हा धूत होता. आईने त्याला काही विचारलं नाही. विचारायची तिची छाती झाली नाही.

मग एका संध्याकाळी लेक आली. केस धुळीने भरलेले, हात ओकेबोके. जिने गावभरच्या सुनांचे हात भरले, त्या आईला लेकीच्या हातांकडे बघवेना. भाऊ तिला पाहताच उठून परसात गेला.

"पोरी, नगारा ऐकू आला नव्हता का गं?" कासारीण रडत म्हणाली. "तुमचा पाटील पळाला ना? तुम्ही का नाही पळालात?"

लेक उंबऱ्यावरच बसली. तिचे डोळे कोरडे होते.

"हे म्हणत होते, चल, पळू या. मीच अडवलं. म्हटलं, दुसरी टिपरी माझ्या आईकडे आहे. ती विचारल्याशिवाय देत नाही. आई, ते सगळ्यांना हेच सांगत पेवापाशी उभे राहिले."

कासारीण देवघराकडे बघत राहिली. तिथे टिपरीच्या जागी वाळलेली फुलं पडली होती.

तात्पर्य विचाराल, तर एवढंच: ज्याचं स्वतःचं पोर मरणार नाही, त्याच्या हाती दोन्ही टिपऱ्या देऊ नयेत. आणि "आजच्यापुरती" म्हणून दिलीच असेल, तर आजच परत मागावी. उद्या मागायला जाल, तेव्हा नगारा तुमच्याच दारात वाजत असेल.