बोरदऱ्याची मिटलेली मूठ

ती बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. मंगळवार होता. बोरदऱ्यात कुणी शेंगा फोडत होतं, कुणी गोठा सारवत होतं, आणि शाळेच्या ओसरीवर चौथीतली चार पोरं तेराचा पाढा म्हणत होती. तीन मुलगे आणि एक मुलगी. मुलीचं नाव ठकू. तेवढ्यात ठकूचा बाप सखाहरी बाजारच्या गावाहून परतला आणि वेशीतूनच ओरडला, "ठरलं! ठकीचं ठरलं! पंधरा दिवसांनी हळद!"

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. तेव्हा बोरदऱ्यात चौथीपर्यंत शाळा होती, पण चौथी पास झालेली मुलगी एकही नव्हती. दुसरीत, तिसरीत मुलींचे हात पिवळे व्हायचे आणि पाटी धाकट्या भावाकडे जायची. ठकू चौथीपर्यंत पोचली ती बापाचं लक्ष नव्हतं म्हणून, असं म्हणतात. परीक्षेला चार महिने उरले होते.

त्या काळी लग्नाचा हिरवा चुडा भरायची ती येसू कासारीण. साऱ्या गावच्या बायकांची मनगटं तिला पाठ होती. डोळे मिटून नुसता हात धरला तरी ती नाव सांगायची, असं म्हणतात. बांगडी भरताना ती एकच वाक्य बोलायची, "हात सैल सोड, बाय." मग हात कसाही राठ असो, बांगडी पाण्यासारखी सरकायची.

येसूला एक लेक होती, चंद्रा. ती दुसरीत होती तेव्हा येसूनंच तिला चुडा भरला होता. हात सैल सोड म्हणाली, आणि लेकीनं सोडला. पाच-सहा वर्षांनी, पहिल्या बाळंतपणात, चंद्रा गेली. तिचे दिवस झाले आणि येसू पेटी डोक्यावर घेऊन पुन्हा दारोदार फिरू लागली. चंद्राविषयी ती कुणाशी बोलली नाही.

ठकूच्या चुड्याचा दिवस आला. आळीतल्या बायका जमल्या. येसूनं ठकूचा हात हातात घेतला, आणि मधल्या बोटावर तिला पेन्सिलीचा घट्टा लागला. चंद्राच्या बोटावर तो नुसता उमटू लागला होता. येसू थांबली. मग खाली वाकून ती ठकूच्या कानात बोलली, "बाय, हात सैल सोडू नकोस."

ठकूनं दोन्ही मुठी मिटल्या.

आईनं ओढलं, आत्यानं साबण लावला, चुलतीनं लोणी चोपडलं. मूठ उघडली नाही. सखाहरी धावत आला. "मावशे, सैल कर की तिचा हात!"

"हात तिचा हाय, सखाहरी," येसू म्हणाली. "माझ्या नुसत्या बांगड्या."

सखाहरीनं शेजारच्या गावाहून दुसरा कासार आणला. चांगला दांडगा होता. त्यानं पहिली बांगडी ठकूच्या मुठीला लावली मात्र, त्याच्या पेटीतल्या साऱ्या बांगड्या एकदम वाढल्या, असं म्हणतात. बांगडी फुटली असं कासार कधी म्हणत नाही, वाढली म्हणतो. चुड्यावाचून नवरी उभी कशी करायची? नवऱ्याकडचे दोन दिवस थांबले आणि बैलगाड्या जुंपून निघून गेले.

गाव येसूवर उलटलं. "चुडा न भरणारी कासारीण कशाला पोसायची?" म्हणून वर्षाचं धान्य बंद केलं.

"नका पोसू," येसू म्हणाली. "मला दळता येतं."

तिनं पहाटे लोकांचं दळण दळलं, आणि शाळा भरली की पेटी घेऊन ती शाळेच्या दारात बसली. ठकूला न्यायला कुणी आलं तर आधी पेटी ओलांडावी लागे. बांगड्यांची पेटी ओलांडायची कुणाची छाती झाली नाही.

पोरं इथं विचारतात, मूठ मिटलेली तर ठकू जेवायची कशी? आई भरवायची. शिव्या देत भरवायची, पण भरवायची. आणि लिहायची कशी? उजवी मूठ मिटताना तिनं पेन्सिल आतच धरली होती. अक्षरं एवढी मोठी यायची की एका पाटीवर एकच शब्द मावायचा. चैत्रापर्यंत दुसरी-तिसरीतल्या मुलीही मुठी मिटून हिंडू लागल्या. पाण्याला गेल्या तर कळशी कोपरात अडकवून आणायच्या, असं म्हणतात.

निकालाच्या दिवशी मास्तरांनी ओसरीवर उभं राहून नावं वाचली. चार बसले होते, तीन पास झाले. शेवटचं नाव ठकूचं होतं.

ठकू चालत येसूपुढे गेली आणि तिनं मूठ पुढे केली.

"आता सोड, बाय," येसू म्हणाली.

मूठ उघडली. आत नखाएवढा पेन्सिलीचा तुकडा होता. येसूनं तिच्या हातात एक हिरवी बांगडी भरली. बांगड्या भरून झाल्या की बायका कासारणीच्या पाया पडतात, तशी ठकू वाकायला गेली. येसूनं तिला वाकू दिलं नाही. भर गावासमोर म्हातारीच पोरीच्या पाया पडली.

सखाहरी दाराशी उभा होता. तो पेटीशी आला. म्हणाला, "मावशे, दुसऱ्या पण हातात भर. एका हातात बरं दिसत नाही."

येसू कधी गेली, ते आता कुणाला नक्की सांगता येत नाही. तिची पेटी शाळेच्या कपाटात आहे. आजही बोरदऱ्यात चौथीचा निकाल लागला की पास झालेलं प्रत्येक पोर मूठ मिटून ओसरीवर येतं, मुठीत पेन्सिलीचा तुकडा धरून. गावातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणते, "आता सोड." मग एक हिरवी बांगडी. मुलग्यांनाही. ते लाजतात, पण घरी पोचेपर्यंत काढत नाहीत. आणि जिची चौथी झाली नाही, तिला बोरदऱ्यात कुणी चुडा भरत नाही. कितीही मोठ्या घरची असो.

त्याच कपाटात एक जुना हजेरीपट आहे. दुसरीच्या पानावर चंद्राचं नाव आहे. तिची चौथी राहिली.