फिकार म्हणजे काय?

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका कोळीवाड्यात राघोजी नावाचा दुभाषा राहत असे. पलीकडच्या किल्ल्यात फिरंगी कप्तान होता आणि त्याची पोर्तुगीज बोली गावात एकट्या राघोजीला समजे. म्हणून जाळ्यातली पहिली सुरमई त्याच्या घरी जाई. त्याने होकार दिल्याशिवाय एकही होडी खाडीबाहेर पडत नसे. इतका मान मिळाला की माणूस विचारायचं विसरतो. राघोजीही विसरला. एखादा शब्द अडला, तर कप्तानाच्या हातवाऱ्यांवरून तो अर्थ बेधडक ठोकून देई.

एके सकाळी कप्तान घाईघाईने धक्क्यावर आला. समुद्राकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. राघोजीला 'आज' कळलं, 'होड्या' कळलं. क्रियापद मात्र त्याला कधीच कळलं नव्हतं. "फिकार! फिकार!" कप्तानाने पुन्हा बजावलं आणि तो किल्ल्याकडे परतला.

त्याला थांबवून 'म्हणजे काय?' एवढंच विचारायचं होतं. पण सगळा कोळीवाडा राघोजीच्या तोंडाकडे बघत होता. त्याची जीभ रेटेना.

"आज होड्या खुशाल सोडा, म्हणतोय," तो म्हणाला.

त्याचा धाकटा भाऊ हिरोजी वल्हं घेऊन थबकला. "दादा, नक्की ना? त्याचा तोंड काय बरा दिसत नव्हता."

"मला शिकवतंस?" राघोजी खेकसला.

हिरोजी सर्वांच्या पुढे निघाला. खडकाआड फिरंग्यांच्या शत्रूची गलबतं दबा धरून होती. तोफेचा आवाज ऐकून मागच्या होड्या वळल्या. हिरोजीची वळली नाही.

दुपारी राघोजी किल्ल्यात गेला आणि पहिल्यांदाच मान खाली घालून त्याने विचारलं, "फिकार म्हणजे काय?" कप्तानाने त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं आणि उठू दिलं नाही. थांबणं. राहणं. घरी राहा, इथेच थांबा, जाऊ नका, असं सांगताना फिरंगी रोज हेच क्रियापद वापरत. त्यांच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं.

हिरोजीची बायको भागू उंबऱ्यात बसली होती. "भावजी, कप्तान काय बोललेला?"

राघोजी पायरीखालीच थांबला. "थांबा, म्हणालेला. मला कळला नव्हता."

भागूने दार लावून घेतलं. त्यानंतर राघोजीकडे कुणी सुरमई पाठवली नाही. पाठवली असती, तरी ती त्याच्या घशाखाली उतरली नसती.

तात्पर्य: न कळलेलं विचारताना मान क्षणभर खाली जाते, पण कळल्याचं सोंग आणलं, तर त्याची भरपाई दुसऱ्याच्या जिवाने होते.