रडणाऱ्या म्हशीचा प्रश्न

“दगडांना शिकवायचं तरी कसं, सर?”

प्रल्हाद खिलारेनं बसता बसताच विचारलं. एम. ए. इंग्रजी, सुवर्णपदक. आमच्या शाळेत मास्तर म्हणून लागून दीड वर्ष झालेलं. मी त्याच शाळेचा क्लार्क. त्या दिवशी बोराटे सरांच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. खरं सांगतो, हा प्रल्हाद मला कधी आवडला नाही. पदक एकदाच मिळालं होतं, मिरवायचा मात्र रोज.

बोराटे सरांनी आम्हा दोघांनाही इंग्रजी शिकवलेलं. आता ऐंशीला टेकले होते.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“दहावीची उजळणी घेतोय. बोर्डाला वीस दिवस राहिलेत आणि नाउन, व्हर्ब ओळखता येत नाही. सिमिली, मेटाफर तर लांबच. आज घोकून घेतलं की उद्या पाटी कोरी.”

“सगळ्यांचीच?”

“एक पोरगी तर यायचीच बंद झालीय. अश्विनी गोफणे. आठ दिवस झाले. बाप म्हणतो, परीक्षेलाही बसवत नाही आता.”

“का?”

प्रल्हाद शेंगांकडे बघू लागला…

“सांग की,” मी म्हणालो. शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

“पर्सॉनिफिकेशन चाललं होतं. जे माणूस नाही ते माणसासारखं वागलं की पर्सॉनिफिकेशन, असं सांगितलं. उदाहरण दिलं, झाड रडलं. तर ही उभी राहिली. म्हणे, सर, आमच्या म्हशीचं रेडकू मेलं तेव्हा म्हैस रडत होती. मी बघितलंय. मग ते पर्सॉनिफिकेशन, का खरं?”

“मग?”

“वर्ग हसला. मी म्हटलं, बोर्डाचे पेपर म्हशी तपासत नाहीत. आणि पुन्हा असलं मधेमधे विचारू नये म्हणून कान धरून उभं केलं. तेव्हापासून पोरं तिला म्हैस म्हणतात.”

“पोरं म्हणतात?”

“…आधी मीच म्हणालो. हजेरी घेताना.”

“तिच्या प्रश्नाचं उत्तर काय होतं?”

प्रल्हादनं हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली.

“मला येत नव्हतं, सर.”

एवढं बोलून त्यानं मान खाली घातली ती घातलीच. आता सर याला सोलून काढणार, असं मला वाटलं. मनातून बरंही वाटलं.

सर उठले. गुडघे कधीचेच गेलेले, भिंतीला धरून उठले. मग भिंत सोडली आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

“सर, हे काय करताय?” प्रल्हाद उठला.

“आपल्याला येत नसलं की पोराला उभं करायचं, हे तू कॉलेजात शिकलास का रे?”

सातवीत एक प्रश्न विचारला म्हणून याच माणसानं मला असंच उभं केलं होतं. त्यानंतर मी कुठल्याच वर्गात हात वर केला नाही. आणि आत्ता मी गंमत बघायला बसलो होतो. माझीच मला लाज वाटली.

“हात खाली घ्या, सर. पाया पडतो तुमच्या.” प्रल्हाद सरांच्या पायाशी वाकला.

सरांचे हात कानांवरच.

“ती किती वेळ उभी होती?”

“तास संपेपर्यंत.”

“घर कुठं तिचं?”

“माळाच्या पलीकडं. पायी जायला पाऊण तास लागतो…”

“मग नीघ. उत्तर येत नव्हतं, हे तिला सांगून ये, मी उभा आहे.”