रणदिव्यांचं आमंत्रण

बार्शीच्या शोभना ढोणे रोज मोबाइलवरून गावच्या बातम्या द्यायच्या. कुठल्या पेठेत पाणी कधी येणार, हे लोक त्यांच्याकडूनच ऐकत. एका वृत्तवाहिनीचे प्रमुख रणदिवे यांना हे खटकलं, कारण बार्शीतले त्यांचे प्रेक्षक घटत चालले होते. भरसभेत ते म्हणाले, "बाई, हा पोरखेळ बंद करा आणि आमच्याकडे नोकरीला या. खरी बातमी टीव्हीवरच असते."

शोभनाताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमचा निवेदक दर बातमीनंतर विनवतो, 'आम्हाला मोबाइलवरही पाहा.' तुम्हीच आपलं बिऱ्हाड आमच्या गल्लीत हलवताय, मग मला रिकाम्या घरात कशाला बोलावता?"

सभेत हशा पिकला. रणदिवेही हसले. "मग निदान शेजारधर्म तरी पाळा," ते म्हणाले.

"तो पाळूच," म्हणत ताई त्यांना घरी चहाला घेऊन गेल्या.