स्प्रूसच्या मधली जागा

“पण माई, मधली जागा रिकामी कुणी ठेवली?”

आपण विचारलेला प्रश्न असाच होता, की ‘का ठेवली’ असा होता, याची वामनराव धारपांना आज खात्री देता येत नाही. आश्विन होता की कार्तिक लागला होता, तेही सांगता येत नाही. पाऊस थांबला होता आणि बर्फ अजून यायचं होतं, एवढं नक्की. हातात कुदळ होती, हेही बहुधा नक्की. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला स्वतःच्या आठवणीवर इतकाही भरवसा ठेवता येऊ नये, याचं त्यांना वाईट वाटतं. पुढचं बोलणं मात्र ते शब्दाशब्दाने सांगतात, आणि सांगून झालं की पुस्ती जोडतात, “निदान मला तरी असंच आठवतं.”

जागा होती कुमाऊँच्या डोंगरातला एक लहानसा आश्रम. अमलामाई मूळच्या बेळगावच्या. तरुणपणी संन्यास घेऊन इकडे आल्या, त्या परत गेल्या नाहीत. मराठी बोलायला तिथे कुणी नव्हतं. म्हणूनच की काय, वामनराव समोर आले की त्या त्यांना मनसोक्त चिडवून घेत.

आश्रमामागच्या बागेत स्प्रूसची झाडं होती. स्प्रूस म्हणजे लांबून देवदारच वाटावा असं झाड. उंच, काळपट हिरवं, पानांच्या जागी सुया, आणि फांद्या ओल्या बाह्यांसारख्या खाली लोंबणाऱ्या. ही झाडं गोलाकार उभी होती. आत शिरायला एकच फट. आणि आत, मध्यभागी, काहीच नाही.

वामनरावांना तिथे एक झाड लावायचं होतं.

त्यांची पत्नी कुमुद असताना दोघं उन्हाळ्यात इथे येत. वामनराव माईंशी वाद घालत बसत आणि कुमुद बागेत जाई. एका वर्षी तिने इथलं खवल्याखवल्यांचं फळ उचलून पिशवीत टाकलं. ती गेल्यानंतर नागपूरच्या घरात कपाट आवरताना ते सापडलं. खवल्यांत बिया होत्या. त्या घेऊन वामनराव इथे राहायलाच आले.

बऱ्याच बिया कुजल्या. तीन रोपं जगली. उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात पेंढ्याचं पांघरूण, असं करत वीतभर व्हायला त्यांनी काही वर्षं घेतली. दोन रोपं मधल्या जागेत लावली. दोन्ही मेली. तिसरं आता पत्र्याच्या डब्यात, वामनरावांच्या पायाशी होतं. बिया संपल्या होत्या.

माई एका दगडावर बसल्या होत्या.

“कुणी ठेवली ते तुम्हीच सांगा. तुमचं काहीतरी मत असणारच.”

“आहे. ज्या साहेबाने ही झाडं लावली, त्याला मध्ये चौथरा बांधायचा असावा. राहून गेला.”

“बरं. आणि पहिलं रोप का मेलं?”

“माती आंबट आहे. सुया पडून पडून होते तशी.”

“आणि दुसरं?”

“माती बदलली होती. पण पाणी... कदाचित पाणी जास्त झालं.”

“रोज उकरून मूळ बघत होतात की हो. रोज परीक्षा. नापास झालं बिचारं.”

वामनराव हसले नाहीत.

“आज खोल खणतो. खालची सगळी माती काढून टाकतो. हे एकच उरलंय, माई. हेही गेलं तर तिचं काही...”

वाक्य तिथेच राहिलं.

वामनराव खणायला लागले. हातभर खाली माती संपली आणि तांबूस भुसा लागला, ओला, बोटांनी चुरडला जाणारा. थोडं बाजूला मनगटाएवढं काहीतरी आडवं आलं.

“मूळ आलंय मध्ये. तोडू?”

“आधी बघा तरी.”

ते गुडघ्यांवर बसले आणि खुरप्याने माती बाजूला करत गेले. त्या वस्तूचं मधल्या बाजूचं टोक कुजलेलं होतं. दुसरं टोक जिवंत होतं, आणि ते सरळ समोरच्या झाडाच्या बुंध्यात जाऊन मिळत होतं. तिला साल होती. डहाळ्या मोडल्याच्या गाठी होत्या.

“हे मूळ नाही.”

“नाही.”

“ही फांदी आहे. पण जमिनीखाली?”

“खालच्या फांद्या बर्फाने दबतात. जमिनीला टेकतात. वर पाला साचतो. टेकली तिथे फांदी मूळ धरते, आणि शेंडा वर निघतो.”

वामनरावांनी दुसऱ्या बाजूला उकरलं. तिथेही तसंच होतं. त्यांनी मान वर करून एकेका झाडाकडे पाहिलं.

“म्हणजे ही सगळी...”

“एकाच झाडाची.”

“आणि ते झाड?”

माईंनी खड्ड्याकडे बोट केलं. वामनरावांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. त्यावर तांबडा भुसा होता.

“चौथरा गेला म्हणायचा,” माई म्हणाल्या.

“तुम्हाला ठाऊक होतं. आधी का नाही सांगितलंत?”

“तुमचे सिद्धांत ऐकायला बरं वाटायचं. इथे मराठीत कोण बोलतंय माझ्याशी?”

...

वामनरावांनी काढलेला भुसा हळूहळू परत खड्ड्यात लोटला. वर माती ओढली. मग डबा उचलून ते उभे राहिले. कुठे ठेवावा ते सुचेना.

“कुमुद इथे बसायची,” ते म्हणाले. “दर उन्हाळ्यात. मी आत बोलत असायचो, आणि ती इथे एकटी. काय करत होतीस, असं मी एकदाही विचारलं नाही. म्हणून वाटलं, निदान तिच्या जागी...”

माई उठल्या. त्यांनी वामनरावांच्या हातातून डबा घेतला आणि बाजूला ठेवला.

“बसा.”

“इथे?”

“बसा की हो. गुडघे दुखतात ते माहीत आहे. तरी बसा.”

एक हात जमिनीला टेकून वामनराव कसेबसे बसले. सुयांची गादी मऊ होती. थंड होती.

“आता समोर बघा.”

इतकी वर्षं ते इथे उभ्याने वावरले होते. उभं राहिलं की लोंबणाऱ्या फांद्या डोळ्यांसमोर येत. आता त्या फांद्यांच्या खालून, फटीतून, पायवाट दिसत होती. पलीकडे आश्रमाची भिंत. भिंतीत जमिनीलगतची उघडी खिडकी. खिडकीच्या आत ती सतरंजी, जिच्यावर बसून त्यांनी माईंशी वाद घातले होते. सतरंजीवर कुणी नव्हतं.

...

“ती इकडे तोंड करून बसायची?”

“हो.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“खिडकीकडे तुमची पाठ असायची. मी तुमच्या समोर. तुम्ही तासन् तास बोलत होतात. मी कुठे बघणार?”

वामनरावांनी पुन्हा त्या खिडकीकडे पाहिलं.

“तुम्ही हात नाचवायला लागलात,” माई म्हणाल्या, “की त्या इथे हसायच्या.”

...

वारा नव्हता. वामनराव बराच वेळ उठले नाहीत. मग डब्यातल्या रोपाकडे बोट करून त्यांनी विचारलं,

“मग हे कुठे लावू?”

“कुठेही लावा. बसणाऱ्याच्या आड येऊ नये, एवढं बघा.”

माई निघून गेल्या.

मधल्या जागेपासून त्या खिडकीपर्यंत अंतर बरंच आहे. तेवढ्या लांबून माणसाचं हसू दिसतं का, ही शंका वामनरावांच्या मनातून काही गेली नाही. माईंना विचारायचा धीर झाला नाही. पुढे माई गेल्या. भिंतीपलीकडे लावलेलं रोप खांद्याला लागलं. डोळ्यांतले मोतीबिंदू काढून झाल्यावर एका सकाळी वामनरावांनी आश्रमात स्वयंपाक करणाऱ्या बाईंना झाडांच्या मध्ये बसायला सांगितलं, आणि स्वतः सतरंजीवर माईंच्या जागी जाऊन बसले. बाईंना या सगळ्याचं हसू आलं.

ते दिसतं.