पदूबाय, फिलू आणि गोंधळलेली होडी

एक होतं बंदर. नाव नका विचारू, तिथं आपल्याला थोडंच जायचंय. हुंकार मात्र देत राहा, नाहीतर मी आपली भिंतीला गोष्ट सांगत बसेन.

तर त्या बंदरातल्या होड्या शहाण्या होत्या, बरं का. वल्हवायला माणूस लागायचा, पण वाट त्यांची त्या शोधायच्या. दिवेलागणीला घरच्या बाईनं किनाऱ्यावर दिवा लावला, की होडी म्हणायची, हा आपला, आणि सुळकन घरी यायची. दुसऱ्याच्या दिव्याकडं ढुंकून बघायची नाही. घरागणिक एक बाई, एक दिवा. कधी घोळ म्हणून झाला नाही.

त्या बंदरात पदूबाय नावाची कोळीण होती. तिला एकुलता एक लेक, हरेश्वर. डावीकडच्या टेकडीवर शेंदूर फासलेली आई, म्हणजे तिची देवी, बसलेली असायची, ठसठशीत डोळ्यांची. पदूबाय रोज तिच्यापुढं खोबरेलाची पणती ठेवायची. ती पणती बघून होडी यायची.

मग काय झालं, हरेश्वरचं लग्न झालं. बायको आणली पलीकडच्या पाड्यावरची, फिलू नावाची. ती माणसं क्रूसाला मानणारी. दोन्हीकडचे लोक चार दिवस रुसले, मग जेवायला आले. माशाचं कालवण चांगलं असलं की माणसं फार वेळ रुसत नाहीत.

पोर गुणाची होती. पण पदूबायनं मनाशी ठरवलं, की घरात देवाचा विषय काढायचा नाही. उगाच वितुष्ट नको. फिलूनंही तेच ठरवलं. मग दोघी भातावर बोलायच्या, भरतीवर बोलायच्या, मांजरीवर तर पोटभर बोलायच्या. फिलूच्या गळ्यातला छोटा क्रूस पदूबायला दिसायचा आणि ती न दिसल्यासारखं करायची. मनात मात्र पन्नास प्रश्न. जाळ्यात खेकडा अडकावा तसं तिचं डोकं झालं होतं.

लग्नानंतर हरेश्वर पहिल्यांदा दर्यावर गेला. परतायच्या दिवशी पदूबायनं टेकडीवर पणती लावली. आणि फिलूला वाटलं, आता मीही या घरची बाई. तिनं उजवीकडच्या खडकावर, जिथं मावलीची, म्हणजे क्रूसावरच्या देवाच्या आईची, छोटी मूर्ती होती, तिथं करवंटीच्या आडोशाला मेणबत्ती लावली. कुणी कुणाला सांगितलं नाही. विषयच काढायचा नव्हता ना.

होडी आली नाही.

मग पाण्यातून एक म्हातारं कासव वर आलं. ते आधी पदूबायकडं गेलं, मग फिलूकडं. म्हणालं, "होडी समोरच आहे गो, पण गरगर फिरतेय. दोन दिवे दिसतात, दोन्ही घरचेच. डावीकडं वळली की उजवीकडचा बोलावतो. पिंपातलं गोडं पाणी संपत आलंय. हरेश्वरचे ओठ फुटलेत."

पदूबाय घाबरली. आता करू काय? सुनेला कसं म्हणू, तुझ्या देवाची मेणबत्ती विझव? जीभ झडेल माझी. आणि माझ्या आईला अंधारात बसवू? तीही कोपेल. शेवटी ती म्हणाली, जाऊ दे, लेकापुढं काय मोठं. उद्या मी लावत नाही.

फिलूही तेच म्हणाली. हसता काय? तुमच्यासारख्याच होत्या त्या, तोंड उघडायचं सोडून सगळं करणाऱ्या.

मग दुसऱ्या संध्याकाळी टेकडीवर दिवा नाही, खडकावरही नाही. किनारा काळा ठिक्कर. होडीला वाटलं, घर बुडालं की काय. ती आणखी लांब गेली.

कासव पुन्हा आलं, धापा टाकत. पाणी घोटभरच उरलं होतं.

पदूबायला तर रडूच फुटलं. तिच्या ध्यानात आलं, की पोरीनं आपल्यासाठी मेणबत्ती लावली नाही. मग तिनं आणखी एक शहाणपणा केला. तिसऱ्या संध्याकाळी मेणबत्ती घेतली आणि थेट मावलीच्या खडकावर गेली. आयुष्यात पहिल्यांदा. हात जोडावेत की गुडघे टेकावेत, तेही कळेना. लावली आपली मेणबत्ती आणि उभी राहिली. आणि तिकडं फिलू काय करत होती? पणती घेऊन टेकडीवर. सासूच्या आईपुढं.

झालं. होडी बिचारी पार चक्रावली. दिवा सासूच्या जागेवर, लावणारा हात सुनेचा. दिवा सुनेच्या जागेवर, हात सासूचा. ती जागच्या जागी थबकली, ना पुढं ना मागं.

आता मात्र कासव चिडलं. वाळूत मधोमध येऊन ओरडलं, "किती खेपा घालू मी? एका छपराखाली राहता, एका ताटात जेवता. एकमेकींशी बोलायला कासव कशाला लागतं गो तुम्हाला?"

पदूबायला लाज वाटली. ती मेणबत्ती हातात घेऊन निघाली. समोरून फिलू पणती घेऊन आली. घरासमोरच्या वाळूत दोघी भेटल्या. अंधार पडला होता, एकमेकींचं तोंड दिसेना, म्हणून दोघींनी दिवे वाळूत ठेवले आणि बसल्या.

मग फिलू म्हणाली, "आये, मी पणती लावली, पण हात जुळेनात माझे. तुमच्या आईच्या डोळ्यांची भीती वाटली."

"मला काय वाटत नाही?" पदूबाय म्हणाली. "भीती वाटते म्हणूनच तर जाते."

"आणि तुम्ही खडकावर काय म्हणालात?"

"मला तुमचं काही येत नाही. मी इतकंच म्हटलं, बाई, तुझाही लेक गेला होता ना. मग तुला कळेल."

फिलूनं पदर तोंडाला लावला. पदूबायनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि एकदा झाकण उडालं म्हटल्यावर काय, दोघी बोलत सुटल्या.

सगळं गोड गोड नाही हो बोलल्या. फिलू म्हणाली, "आये, रागावू नका, पण आमच्यात देव एकच मानतात. मग टेकडीवरची कोण, ते मला कळत नाही." पदूबायला राग आला, चांगलाच आला. ती म्हणाली, "मग माझ्या सासूनं जन्मभर ओटी भरली ती कुणाची?" फिलू म्हणाली, "मला नाही माहीत. तुम्हीच सांगा ना." पदूबाय सांगायला गेली आणि अडकली. तिलाही ते कधी कुणी विचारलं नव्हतं. म्हणाली, "तुझं मला पटलं नाही. पण तू तोंडदेखलं बोलली नाहीस, ते बरं केलंस. आता मला सांग, तुमचा देव एक, तर मावलीपुढं मेणबत्ती कशाला?" आता फिलू अडकली.

अशा त्या बोलत होत्या. एकीचं दुसरीला कळत नव्हतं, पण ऐकत होत्या. आणि इतक्यात वाळूवर काहीतरी खरखरलं.

होडी होती ती. पाण्यातून तिला दोन दिवे शेजारी शेजारी दिसले, दारासमोर, आणि ती सरळ निघून आली.

हरेश्वर धडपडत उतरला. पदूबायनं तांब्या त्याच्या तोंडाला लावला, फिलूनं त्याचं डोकं धरलं. दोन घोट घेऊन तो म्हणाला, "आये, आणलं तरी कुणी मला? तुझ्या आईनं, का हिच्या मावलीनं?"

पदूबायनं फिलूकडं बघितलं. फिलूनं पदूबायकडं.

"ते आमचं अजून ठरायचंय," पदूबाय म्हणाली. "तू आधी पाणी पी."

मग काय, सगळी सुखानं नांदली. सकाळी पदूबाय टेकडीवर जायची, फिलू खडकावर. दिवेलागणीला दोघी दोन दिवे घेऊन वाळूत यायच्या आणि आदल्या दिवशीचं भांडण पुढं चालवायच्या. होडी कधी चुकली नाही.

आता मला विचारू नका खरं कुणाचं. त्या दोघी म्हाताऱ्या झाल्या, तरी त्यांचं ठरलं नाही, मला कुठून कळणार? झोपा आता. उरलेलं उद्या तुमच्या आईला विचारा. आणि ती सांगेल ते पटलं नाही, तर तेही तिला सांगा.